सहमालकाची सही

३ फेब्रुवारी, मंगळवार

दार सत्तावीस इंच. खुर्ची अठ्ठावीस.

आज तिसऱ्यांदा मोजलं. टेप खोटं बोलत असेल म्हणून शेजारणीचा टेप आणला. तोही तेच सांगतो. एका इंचासाठी माणूस स्वयंपाकघराबाहेर!

ऑक्टोबरात ह्यांना झटका आला, डावी बाजू गेली, तेव्हापासून चाकांची खुर्ची. एकतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एका वेळी दोन-दोनशे माणसांचं रांधलं ह्यांनी. घरीही स्वयंपाक ह्यांचाच. मी आपली चिरून द्यायची आणि मध्ये मध्ये चाखायची. आता दाराच्या चौकटीला खुर्ची टेकवून बसतात आणि मला सांगतात. ‘गॅस बारीक कर.’ ‘अगं, करपेल.’ मग गप्प होतात. ते गप्प होणं मला सहन होत नाही.

व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘त्यांच्या हाताला त्यांच्या आवडीचं काम द्या. रबराचा चेंडू माणूस किती दिवस दाबेल?’

आणि काल हे म्हणाले, ‘मी या घरात पाहुणा झालोय.’

ठरलं. मधली भिंत पाडायची. ओटा खाली घ्यायचा.

९ फेब्रुवारी

गवंडी आला. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला. डॉक्टर छाती तपासतात तसं.

‘बाई, पाडायला दोन दिवस पुरे. पण ही वरच्या स्लॅबचं वजन घेतेय. परवानगी आणा, मग हात लावतो. मागे एकदा तसाच लावला होता.’

पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी

परवानगीचं ऑफिस. तिसरा मजला, लिफ्ट बंद. ज्यांना खरी गरज ते इथे चढणार कसे, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नसेल?

खिडकी नंबर तीन. चष्म्याला दोरी लावलेल्या एक बाई. वाईट नाहीत, पण त्यांचे शब्द मोजलेले. आताचा नकाशा, नवा नकाशा, इंजिनिअरचा दाखला, मालकीचा उतारा, गॅसवाल्यांचं पत्र. ‘सगळं तीन-तीन प्रतींत.’ मी पाठीवर लिहून घेतलं. पाठीवर म्हणजे विजेच्या बिलाच्या पाठीवर. दुसरा कागदच नव्हता जवळ.

२० फेब्रुवारी

इंजिनिअर येऊन गेले. तरुण आहेत, पायातले बूट बाहेर काढून आत आले. भिंतीच्या जागी लोखंडी तुळई टाकता येईल म्हणाले. माझ्याशी बोलून झाल्यावर ह्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारलं, ‘काका, ओटा किती उंचीवर हवा तुम्हाला?’

चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी ह्यांना काही विचारलं. नाहीतर सगळे मलाच विचारतात, ‘जेवले का ते? झोपले का ते?’ जणू हे तिथे नसतातच.

ह्यांनी उजवा हात हवेत धरला. ‘इथे.’ थोडा खाली घेतला. ‘नाही, इथे. कणीक तिंबायला जोर लागतो.’

इंजिनिअरनी हाताखाली टेप धरला. एकोणतीस इंच. नकाशात तसंच लिहिलं.

३ मार्च, मंगळवार

फाइल परत!

‘उताऱ्यावर मालक दोन आहेत,’ खिडकीतल्या बाई म्हणाल्या. ‘दुसऱ्या मालकाची सही कुठेय? संमतीपत्र लागेल.’

मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. चालून जाईल असं वाटलं होतं.

दुसरी मालक म्हणजे ताई. माझी सख्खी मोठी बहीण. आईने घर दोघींच्या नावावर केलं. तिला वाटलं असेल, घराच्या निमित्ताने तरी दोघी एकत्र राहतील. पाच वर्षं झाली, आम्ही एकमेकींचा आवाज ऐकलेला नाही.

५ मार्च

कुठेतरी लिहून काढलं पाहिजे. मनात किती दिवस घोळवू?

आईचा शेवटचा महिना. ती माझ्याकडे, याच घरात. हॉस्पिटलला नेऊ नकोस म्हणाली होती — माझा हात धरून, शुद्धीत असताना. मी नेलं नाही. ताई तिच्या गावाहून पोचली तेव्हा आईला जाऊन दोन तास झाले होते. ताई दारातच उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, ‘तू मारलंस आईला.’

मी म्हटलं, ‘चालती हो. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस.’

तिने नाही टाकलं. शब्दाची पक्की! लहानपणापासूनच.

भाचीने दोन-तीनदा सांधायचा प्रयत्न केला. मी दाद दिली नाही. तिचं लग्न झालं, पत्रिका आली. हे जाऊन आले. मी गेले नाही.

१० मार्च

हे म्हणाले, ‘ताईंना पत्र लिही. पण नुसतं सहीपुरतं नको लिहू. कशा आहात एवढं तरी विचार.’

लिहिलं. तीन ओळी. भिंत पाडायची आहे, कारण असं असं, सोबतच्या संमतीपत्रावर सही करून पाठवावी. संमतीपत्राचा कोरा नमुना आत घातला. रजिस्टर केलं.

कशी आहेस, ते विचारलं नाही. लिहायला घेतलं होतं, ‘क’ काढलाही. पेनच पुढे जाईना. मग नवा कागद घेतला.

१७ मार्च

पोच आली. पत्र मिळालंय. सही भाचीची.

२४ मार्च

उत्तर नाही. जिवावर आलं होतं, तरी फोन केला. भाचीने उचलला. ती माहेरी काय करतेय, असं आलं मनात, विचारलं नाही.

‘मावशी! बोल ना.’ आवाज दबलेला.

‘ताईला दे.’

‘आई झोपलीय ग.’

‘सकाळी अकराला?’

‘तिला बरं नाहीये. उठली की सांगते. मावशी, तू जरा—’

‘कागदावर सही कर म्हणावं. एवढंच काम आहे.’ ठेवला फोन.

बरं नाही म्हणे! आईच्या वेळीही आठ दिवस बरं नव्हतं हिला. सही द्यायची नाही तर तसं सांगावं तोंडावर. मुलीला पुढे करायचं कशाला?

३१ मार्च

खिडकीतल्या बाईंनी बजावलं — पंधरा एप्रिलपर्यंत संमतीपत्र आलं नाही तर अर्ज निकाली. मग पुन्हा पहिल्यापासून. नकाशे, दाखले, तीन-तीन प्रती.

रांगेतला एक गृहस्थ मागून हळूच म्हणाला, ‘बहिणीचीच सही ना? मग करून टाका की. इथे कोण ताडून बघतंय?’

मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो रांग सोडून बाजूला झाला. पण वाक्य माझ्याबरोबर घरी आलं.

९ एप्रिल, गुरुवार

आज हे पडले.

मी खाली दूध आणायला गेले होते. दहा मिनिटं, जास्त नाही. आले तर खुर्ची दाराशी रिकामी, हे स्वयंपाकघराच्या फरशीवर, कुशीवर. चौकट धरून एका पायावर आत जायला गेले. हनुवटी फुटली. शेजारच्या दोघांनी उचललं. तीन टाके.

‘हाक मारायची होती. कोणीही आलं असतं.’

‘पाणी प्यायचं होतं,’ म्हणाले. ‘पाण्यासाठी किती जणांना हाका मारू?’

आणि मग रडले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तोंड फिरवायलाही जमेना त्यांना, डावी बाजू वळत नाही. मीच उठून खिडकीशी गेले. माझी पाठ तरी त्यांच्याकडे असावी.

संध्याकाळी फोन वाजला. भाचीचं नाव. आई नाही म्हणतेय, हे ऐकायची आज ताकद नव्हती. वाजू दिला. पाच मिनिटांनी पुन्हा. पुन्हा वाजू दिला.

१० एप्रिल

सकाळी परत भाचीचा फोन. फोन उशीखाली सरकवला.

१४ एप्रिल, मंगळवार

केलं.

दुपारचे बारा. हे मॅडमबरोबर व्यायामाला बाहेरच्या खोलीत. मी संमतीपत्राचा दुसरा नमुना काढला. ताईची सही मला येते. पाठ आहे म्हटलं तरी चालेल. शाळेत असताना तिची सही मला फार ऐटदार वाटायची. पहिलं अक्षर मोठं, वेलांटी मागे वळवून पूर्ण नावावरून नेलेली, खाली दोन टिंबं. मी वह्यांच्या मागे तीच गिरवत बसायचे. ती ओरडायची, ‘स्वतःची शोध की एखादी!’

वर्तमानपत्राच्या कडेला चारदा करून पाहिली. पाचव्यांदा कागदावर. खाली तारीख टाकली, आजची. हात थरथरेल असं वाटलं होतं. अजिबात थरथरला नाही. त्याचीच भीती वाटतेय आता.

खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला. ‘बहिणीची?’

‘हो.’

शिक्का.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, ‘ताईंनी पाठवली सही?’

‘पाठवली.’

ह्यांचा चेहरा उजळला — अर्धाच उजळतो आता, पण उजळला. ‘बघ! मी म्हणत नव्हतो? मनाने वाईट नाही ती बाई. फोन करून आभार मान.’

मी भाजी निवडत बसले.

२९ एप्रिल

परवानगी मिळाली. निळा शिक्का, गोल सही. हातात घेतल्यावर आनंद व्हायला हवा होता.

ह्यांनी कागद मागून घेतला, सगळा वाचला, अटी आणि शर्तींसकट. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि दिवसभर तो शर्ट बदलू दिला नाही.

११ मे, सोमवार

भिंत पडली. आधी तुळई चढली, लोखंडी टेकू लागले, मग घण. हे मास्क लावून समोर बसले होते, मॅच बघायला बसल्यासारखे. गवंडी म्हणाला, ‘काका, धूळ फार आहे, आत जा.’ हे म्हणाले, ‘आत कुठे? सगळं एकच झालं की आता!’

सगळे हसले. मीही.

वरच्या रंगाखालून आईच्या वेळचा रंग निघाला, पिस्ता. ताईनेच निवडला होता तो. खूप भांडली होती त्यासाठी. मी गवंड्याला म्हटलं, ‘लवकर उचला हे सगळं.’

१५ मे

ओटा बसवला. एकोणतीस इंच.

३० मे, शनिवार

आज ह्यांनी स्वयंपाक केला.

एका हाताने. कांदा धरायला इंजिनिअरनी सुचवलेली खिळ्यांची फळी. एक कांदा चिरायला पंधरा मिनिटं लागली, मी घड्याळ पाहिलं आणि मग पाहायचं सोडलं. मध्ये पडले नाही. ओठ दाबून बसले. अंडी, कांदा, टोमॅटो, पाव. मीठ थोडं जास्त. ‘जास्त झालंय ना?’ ‘नाही हो.’ ‘खोटं बोलू नकोस. एकतीस वर्षं लोकांची तोंडं बघितलीत मी जेवताना.’

मग म्हणाले, ‘ताईंना बोलावू या. त्यांच्या सहीमुळे हे झालं. मी करीन जेवण.’

घास फिरत राहिला तोंडात.

ठरवलंय. सोमवारी फोन करीन. सगळं सांगून टाकीन, ती काय बोलायचं ते बोलो. ‘तू चोर आहेस’ म्हणाली तरी ऐकून घेईन. पण आधी विचारीन, कशी आहेस.

१ जून, सोमवार

नाही केला.

८ जून

आज नंबर लावला. एकदा वाजला, आणि मीच तोडला. उद्या.

१६ जून, मंगळवार

ऑफिसची नोटीस आली. ‘सहमालक ९ एप्रिल रोजी मयत. संमतीपत्रावरील सही १४ एप्रिलची. खुलासा करावा.’ खाली कारण होतं: भाचीने उताऱ्यावर ताईच्या जागी स्वतःचं नाव लावायला अर्ज दिला, त्यात मृत्यूचा दाखला होता.

तारीख तीनदा वाचली. मग फोन लावला.

‘तीन वेळा केला होता, मावशी,’ भाची म्हणाली. ‘दोनदा त्याच संध्याकाळी, एकदा सकाळी, नेण्याआधी. मग वाटलं, तुला यायचंच नसेल.’

मी नोटीस उलटी करून ठेवली. तिनेच पुढे सांगितलं.

‘तुझा कागद आहे माझ्याकडे. आईने सही केलीय. हॉस्पिटलमध्ये, दोन तारखेला. मी पोस्टात टाकायला निघाले होते, तिने थांबवलं. म्हणाली, टाकू नकोस. ती येईल घ्यायला.’