घर बघायला आलेली माणसं

मंठा, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोनाली,

काल, रविवारी २ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तू मला माझ्याच घरात मूर्ख ठरवलंस. "ओळखीचे लोक येतील, घर नीट दाखव," एवढंच तू फोनवर सांगितलं होतंस. चौतिशीतल्या मुलीची आई यातून काय समजेल? मला वाटलं, स्थळ आलं. मी शिरा केला. आलेल्या राजानंद सर आणि बेबीनंदाताईंना तुझा पदवीदानाचा फोटो दाखवला. आपली बोअर उन्हाळ्यातही आटत नाही, हेसुद्धा मिरवलं. मुलगा काय करतो, असं विचारणार, तोच बेबीनंदाताई स्वयंपाकघराची भिंत ठोकत म्हणाल्या, "ही तं पाडावी लागंल. बाई, तुम्ही कधी खाली करून राह्यल्या?" शिरा मात्र दोघांनी दोनदा घेतला.

बाबांनी जाण्याआधी घर तुझ्या नावावर केलं, तेव्हा मीच म्हटलं होतं, एकुलती एक आहे, उद्याचं आजच होऊ दे. कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला इंग्रजी शिकवलं, शहाणपण शिकवायचं राहिलं.

संध्याकाळी तू खुलासा केलास. नोकरी दुबईत, फ्लॅट लिस्बनला. तिथली बँक परदेशी माणसाला किमतीच्या साठ टक्केच कर्ज देते, बाकीचे पदरचे घालावे लागतात. बरं. मग बिल्डरचे हप्ते होते, तुझ्या ठेवीवर कर्ज होतं, एक खोली कमी घेता आली असती. ते काहीच नको, कारण व्याज फार! आईच्या छपराला व्याज पडत नाही, हे तू बराबर हेरलंस.

घाबरू नकोस, मी कोर्टात जाणार नाही. कागदावर घर तुझं आहे. शनिवारी राजानंद सर इसाराचे पैसे घेऊन येतील, त्यांना चहाही देईन. पण शेजारची साळूबाई सकाळीच विचारून गेली, "मंग तुम्ही कुठं जाणार, बाई?" मी म्हटलं, पोरीकडं. तोंडातून निघून गेलं.

तेव्हापासून तू पाठवलेला फ्लॅटचा नकाशा भिंग घेऊन बघतेय. तीन खोल्या. एकीवर तू 'माझी' लिहिलंयस, दुसरीवर 'ऑफिस', तिसरीवर 'भाड्याने'. साळूबाईशी मी खोटं बोलले का, तेवढं शुक्रवारी, ७ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी हो म्हणते.

तुझीच,
आई