कोरड्यात काय पेरलं

प्रिय धाकटे,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो मुद्दाम. पेरणी उरकल्याशिवाय तुला लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. का, ते सांगते, पण आधी बातमी ऐक.

वरच्या कोरड्यात पाणी आलं. वाढवलेला कालवा थेट आपल्या बांधाला लागून गेला आणि त्यावरचं पाणी सोडायचं एक दार आपल्या वाट्याला आलं. जन्मभर पावसाच्या तोंडाकडे बघणारी ती सगळी जमीन आता भिजते. पण आपल्या तोंडातलं नाव काही जात नाही. घरात अजून सगळे ‘कोरड्यात जाऊन येतो’ असंच म्हणतात. परवा पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा नवा माणूस, मला शोधत घरी आला. काकांनी त्याला सांगितलं, “ती कोरड्यात आहे, चिखलात रुतलीय.” तो बिचारा पायरीवर बराच वेळ विचार करत उभा होता म्हणे.

तू लिहिलंस की एवढं भिजणारं रान एकट्या ताईच्या आवाक्यातलं नाही, दवाखान्यातली नोकरी सोडून मी येते, आपण दोघी मिळून पेरूची बाग लावू. ते वाचलं आणि हातातलं खुरपं खाली ठेवून मी तिथेच बांधावर बसले. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग पत्र परत वाचलं आणि ठरवलं, की कोरड्यात काय लावायचं ते तू यायच्या आत ठरलं पाहिजे.

सल्ले तर पाणी यायच्या आधीच आले होते. काका ऊस म्हणाले. पाणी एवढ्या लांबून आलंय तर ते पोटभर पिणारं पीक घ्यावं, नाहीतर त्याचा अपमान होतो, असं त्यांचं म्हणणं. दूधवाला म्हणाला, सगळीकडे गुरांचा हिरवा घास लावा, मी उभ्याउभ्या उचलतो. बियाण्यांच्या दुकानातल्या बाईंनी भाजीपाल्याची पाकिटं माझ्यासमोर अशी मांडली जणू मी लग्नाच्या साड्या घ्यायला गेले होते. सगळ्यांकडे पीक होतं. ते खुडणार कोण, हे कुणीच सांगेना.

शेवटी एका तुकड्यात घेवडा लावून बघितला. आणि तिथे मी जी फजिती करून घेतली ती फक्त कोरडवाहू घरातली बाईच करू जाणे. वाहतं पाणी बंद करायला माझा हातच धजेना. दार खाली करायला जायचे, जरा बघत उभी राहायचे आणि म्हणायचे, अजून थोडं जाऊ दे. लहानपणापासून आपण तोंड धुतलेलं पाणी झाडाला घालणारी माणसं, पाणी जास्तही होऊ शकतं ही गोष्ट मला ठाऊक कशी असणार? घेवडा पिवळा पडला, पानं माना टाकून बसली. मला वाटलं, तहानलाय. आणखी पाणी दिलं. काका म्हणाले, बघ, ऊस असता तर प्यायला असता. मी तुला रडकुंडीला येऊन फोन केला, आठवतं? तुझ्याकडे कुणीतरी तपासणीला बसलं होतं, तरी तू शांतपणे म्हणालीस, “ताई, एक रोप उपटून मुळं बघ बरं.” उपटलं. मुळं काळी पडून कुजली होती. लोकांना कृत्रिम पाय बसवणाऱ्या बाईला खालून तपासायची सवय असणारच. तो तुकडा गेला, पण बाकीचं रान तू वाचवलंस. आता दार लावताना मी कालव्याकडे पाठ करते आणि सरळ घरी येते.

मग ठरलं ते असं. मोठ्या भागात मका, पेरणी आणि कापणी दोन्ही यंत्रानं. घराकडच्या पट्टीत गाईंपुरता घास. वरचं खडकाळ टोक हरभऱ्याला, त्याला एखादं पाणी पुरतं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी मक्याची ओळ वाकडी आहे हे सांगायला आपणहून आले. हे सगळं मला एकटीला झेपतं. बाग झेपली नसती. बागेला रोज दोन माणसं लागतात, आणि वर्षानुवर्षं लागतात. म्हणूनच पेरू लावला नाही.

मागच्या पत्रात तू त्या टपालवाल्याबद्दल लिहिलं होतंस. तू बसवून दिलेल्या पायावर तो जिना चढून गेला आणि वरून ओरडला, की बाई, चढायचं शिकवलंत, आता उतरायचं कसं. ते वाचून काका आणि मी दिवसभर हसत होतो. तुझं प्रत्येक पत्र अशा माणसांनी भरलेलं असतं. या वेळच्या पत्रात मात्र तुझ्या कामाची एक ओळसुद्धा नव्हती. सोडायला निघालेलं माणूस त्या गोष्टीचं नाव टाळतं.

तू का येतेस ते मला कळतं, धाकटे. मावशीनं एका मुलीला शिकायला आपल्या घरी ठेवून घेते म्हटलं तेव्हा मोठी म्हणून माझं नाव निघालं होतं, आणि गेलीस तू. ताईनं आपली जागा दिली, ती इथे अडकली, असं तू मनात धरून बसली आहेस. पण त्या दिवशी मी गोठ्यात गाईच्या गळ्याला मिठी मारून बसले होते, मला पाठवू नका म्हणून. कुणाला सांगायचं धाडस नव्हतं. बाहेरून तुझा आवाज आला, मी जाते. तुला वाटतं मी तुला जाऊ दिलं. खरं म्हणजे तू गेलीस म्हणून मला इथे राहता आलं. ही माती, या गाई, हे कुरकुरणारे काका, मला हेच हवं होतं आणि ते तुझ्यामुळे मिळालं. माझं तुझ्याकडे काही येणं राहिलेलं नाही. तू येते म्हणालीस, त्यानं मी तृप्त झाले. आता मका उगवून आलाय, बागेला जागा उरलेली नाही. राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर पत्र वाचून होताच जा आणि परत माग. कणसं भरली की ये. रजा टाकून ये, सोडून नको.

जिथे राहायचं होतं तिथेच राहिलेली,
तुझीच ताई