छातीभर पाण्यात, काठीविना

रविवार, संध्याकाळ

तलावाचं पाणी वाळून चष्म्यावर डाग पडले आहेत, आणि या घोर अन्यायाची दखल घरात कुणीही घेतलेली नाही. बायको तर हसतेच आहे. हसू दे. कानाच्या दुखण्यानं तोल गेला, तेव्हापासून चार महिने काठी सोडली नव्हती. आज छातीभर पाण्यात काठीविना उभा राहिलो!

शिंगाडे काढणाऱ्या सुखदेवनं हात धरून आत नेलं आणि सोडला. "पायाकडे कायले पाहता, भाऊ? पाणी डोलू देते, पडू नाही देत." खरंच, झुकलो की पाणी धरायचं, सावरायला वेळ द्यायचं. जमीन कुठे देते? मग चेव आला, भरभर काठाकडे निघालो. पाणी गुडघ्यावर उतरताच पाय जड झाले, डोललो.

"पाणी सोडून राहिलं ना तुमाले! हळू चला जी!"

थांबलो. पडलो नाही. काठीविना!

मागच्या आठवड्यात, पाण्यात उभं राहिलं की तोल सुधारतो म्हणणाऱ्या याच सुखदेवला मी चहाच्या टपरीवर 'तलावातला डॉक्टर' म्हणून चारचौघांत हसलो होतो. आज येताना टपरीवर त्याच चौघांसमोर म्हणालो, "चुकलो मी. यानं आज मला उभं केलं."

सुखदेवनं कप पुढे सरकवला. "चहा घ्या, थंडा होऊन राहिला."