दगडाने बंद केलेली खिडकी

२ एप्रिल
आजपासून ऑल्डरकोम हाउस या जुन्या वाड्यात, बघायला येणाऱ्यांसाठी गाइड. महिनाभर परीक्षा. मग मुख्य गाइड मिसेस टकवेल ठरवणार, मला घरात कायम ठेवायचं की परत पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायला गाड्यांच्या मैदानात पाठवायचं. शाळा अर्धवट सुटली हे कोणाला कळता कामा नये. संकल्प: माहितीपत्रकाबाहेर एक शब्द बोलायचा नाही.

३ एप्रिल
एका बाईंनी विचारलं, दर्शनी भिंतीत सगळ्या खिडक्यांना काचा आणि एकीलाच दगड का? पत्रकात नाही. मी म्हणालो, पूर्वी खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला बुजवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. संकल्प उद्यापासून.

४ एप्रिल
मिसेस टकवेल म्हणाल्या, कराची थाप इंग्लंडातला प्रत्येक गाइड मारतो, तू तरी नको मारूस, बाळा. ती बुजवलेलीच नाही. घर बांधतानाच तशी केली, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. शोभेसाठी दगडाची खिडकी कोण करेल? बाई दमल्या असाव्यात.

७ एप्रिल
आतून पाहिलं. त्या खिडकीमागे खोलीच नाही. तिथली ग्रंथालयाची लाकडी फळ्यांची भिंत ठोकून पाहिली. पोकळ आवाज! म्हणजे पूर्वी इंग्लंडात कॅथलिकांचा छळ व्हायचा, त्या काळात त्यांचे पाद्री लपवायची गुप्त खोली. पुरावा मिळेपर्यंत कोणाला सांगणार नाही.

८ एप्रिल
सगळ्या गटांना सांगितलं. फक्त पुढे ‘असं म्हणतात’ जोडलं. ते खोटं नाही. मी म्हणतोच.

१५ एप्रिल
मालक कर्नल मॉम्पेसन यांच्या कानावर गेलं. माझी पाठ बडवून म्हणाले, जन्म गेला या घरात, गड्या, आणि पाद्रीबुवांना साधा चहा विचारला नाही! तेवीस तारखेला गावासमोर भिंत उघडणार. चहापान ग्रंथालयातच. मिसेस टकवेल म्हणाल्या, निदान टेबलं तरी बाहेर मांडा. मत्सर, दुसरं काय.

२३ एप्रिल, संध्याकाळ
फळ्या कर्नलसाहेबांनी काढल्या. मागच्या विटा काढायचा मान मला. आत धुराडं निघालं. कित्येक पिढ्यांची काजळी एकदम बाहेर आली. केकवर, सँडविचवर, गावच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोवर. कर्नलसाहेब एवढंच म्हणाले, पाद्रीबुवा फारच जळाले की रे.

३० एप्रिल
पिवळं जाकीट. गाड्यांचं मैदान. माझ्या जागी मिसेस टकवेल यांची भाची. भिंतीतलं भोक तसंच ठेवलंय, लोक मुद्दाम बघायला येतात. ती आधी खिडकीचं सांगते, मग धुराड्याचं, मग माझं, आडनावासकट. हे घर कोणी बांधलं ते कोणालाच माहीत नाही. माझं नाव मात्र इतिहासात गेलं.

हशा मैदानापर्यंत स्वच्छ ऐकू येतो.