खिडकीची आतली बाजू

२ ऑक्टोबर २००५, रविवार. सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.
शिडीवर उभा राहून रौशनसेठच्या माडीवरच्या खिडकीचं माप घेत होतो. तिसऱ्यांदा. तेच आलं. सेठची मुलगी कहकशां आतून म्हणाली, खिडकी काय रोज वाढून राह्यली का, अब्रारभाई? आणि हसली. म्हणजे माझं येणं तिच्या ध्यानात आहे. ‘भाई’चं मनावर घ्यायचं नाही. सिलिंडरवाल्यालाही ती भाईच म्हणते.
संकल्प : पांढरकवड्यात कोणी पाहिली नसेल अशी ग्रिल करायची. ज्या दिवशी बसेल त्याच दिवशी कहकशांला विचारायचं.

४ ऑक्टोबर
आकार शोधतो आहे. सायकलच्या आऱ्या : फार सरळ. दर्ग्याची जाळी : सगळेच करतात. सागाचं पान : शिरा तीन सुती जाड सळईत वळत नाहीत. जिनिंग मिलचं टिनाचं छप्पर : त्यावर कहकशांचा चेहरा शोभणार नाही.
वर्कशॉपचे मालक जफर उस्ताद म्हणाले, सळया उभ्या लाव अन् मोकळा हो, ग्रिल चोरासाठी असते, बारातीसाठी नाही. उस्तादांना वेल्डिंग कळतं, कला नाही.

११ ऑक्टोबर
सापडलं. फुटलेलं बोंड! पाच फाका, मधे पोकळ. रोज्याच्या उन्हात बांधावर उभा राहून कागदावर उतरवलं. शेतवाले डोमाजीकाका ओरडले, काय चोरून राह्यला बे? मी म्हणालो, आकार. ते म्हणाले, ने बाप्पा, आकार तरी ने, कापूस तं कोणी विचारून नाही राह्यलं.

१७ ऑक्टोबर
सेठनी ड्रॉइंग पाहून कपाळाला हात लावला. कापसाचेच व्यापारी. म्हणाले, दिवसभर मार्केटात बोंडं, आता घरीही बोंडंच पाहू का? भाव पाहून माह्यी झोप उडाली, अन् तू खिडकीले कापूस लावतो!
दाराआडून कहकशां म्हणाली, रहने दो अब्बा, अच्छा है.
हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे, काना-मात्रा तपासून.

८ नोव्हेंबर
ईद झाली. काम अजून बाकी. दोष लोडशेडिंगचा.
पुढची बाजू स्वतः ग्राइंडरने घासली. बोट फिरवलं तर जोड कळत नाही. मागची तशीच ठेवली, वेल्डिंगच्या टोकांसकट. मागची कोणीच घासत नाही. ती घरात जाते, रस्त्यावरून दिसत नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार
ग्रिल बसली. समोरचा चहावाला फुलचंद म्हणाला, लेका, एक नंबर माल काढला!
कहकशांला विचारलं नाही. सिमेंट ओलं होतं.

२० नोव्हेंबर
सिमेंट वाळलं. तिला सर्दी आहे, असं कळलं. सर्दीत माणूस नीट विचार करू शकत नाही. पुढच्या रविवारी नक्की.

४ डिसेंबर, रविवार
बाकी मागायच्या निमित्ताने गेलो. कहकशांने मनगट पुढे केलं. लांब ओरखडा. म्हणाली, ओढणी अडकते, हात फाटतो. तुमचं बोंड रस्त्यावरच्यांले दिसते अब्रारभाई, मले इथून नुसते काटे. तुम्ही आतून कधी पाह्यलं का?
पाहिलं नव्हतं. तिन्ही मापं बाहेरून घेतली होती.
मी म्हणालो, आतली बाजू घासून देतो. शब्द देतो.
ती म्हणाली, कोणासाठी आता? पंचवीसले निकाह आहे. मुलगा आदिलाबादचा, टायरचं दुकान.
मी मुबारक म्हणालो. आवाज बरोबर निघाला.

५ डिसेंबर
‘कोणासाठी आता’ ती हळू बोलली होती. सुखी मुलगी मोठ्याने बोलते. अजून वीस दिवस आहेत. आतली बाजू आरशासारखी झाली, तर तिला कळेल.

१९ डिसेंबर
डिस्क आणली. लाइट नाही. लाइट आली तेव्हा सेठकडे पाहुणे होते. पाहुण्यांत ग्राइंडर लावणं बरं दिसत नाही.

२५ डिसेंबर
गेलो नाही. अंग गरम वाटत होतं. थर्मामीटरमध्ये ताप निघाला नाही. उस्तादांनी डब्यात निकाहची बिर्याणी आणली. खाल्ली. मीठ बरोबर होतं.

८ जानेवारी २००६, रविवार
शब्द दिला होता, म्हणून ग्राइंडर घेऊन गेलो. सेठनी जिन्यातच अडवलं. गोदाम भरलं, म्हणून कहकशांच्या खोलीत कापूस भरला आहे, भाव येईपर्यंत. आढ्यापर्यंत. पाय ठेवायला जागा नाही. म्हणाले, ठिणगी पाडतो का बे? जाळतो का मले?
रस्त्यावर येऊन वर पाहिलं. आतून कापूस रेटला गेला होता. एकेका लोखंडी बोंडातून पांढरा बाहेर आला होता. न घासलेल्या टोकांनी त्याला धरून ठेवलं होतं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. फुलचंद म्हणाला, आता खरं बोंड दिसून राह्यलं, लेका.
डिझाइन पूर्ण झालं, असं लिहिणार होतो. पण खिडकीत कोणी नव्हतं.

खर्च : ग्राइंडिंग डिस्क, ४५ रुपये. वापरली नाही. दुकानदार परत घेत नाही.
आहेर, १०१ रुपये. उस्तादांच्या हाती पाठवला.
येणे : रौशनसेठकडून ग्रिलचे २,३५० रुपये. कापूस विकला की.
देणे : कहकशांला, आतली बाजू.