घर ओढणारे बैल

प्रिय एल्सिरा,

सान्तियागोहून तुझ्या पतिराजांचा सविनय नमस्कार.

प्रथम एक गंभीर तक्रार. या महानगरातला बटाटा निर्गुण, निराकार आहे. चिलोए बेटावरच्या माणसाच्या पानात तो वाढणं हे महापातकच.

नोएलिया बरी आहे. नीट जेवते. बाळ पोटात लाथा मारतं.

सोनोग्राफीत मात्र बाळाचा मेंदू जरा गुळगुळीत दिसला, वळ्या हव्या तेवढ्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूच्या पेशी आत जन्मतात आणि सरकत सरकत बाहेरच्या थरात जातात. पेशीत धाग्यांचे रूळ असतात, त्यांवरून इवलाली प्रथिनं पेशीचं केंद्रक ओढून नेतात. त्यातलं एक दुबळं असावं आणि पेशी वाटेतच अडकत असाव्यात, अशी शंका आहे.

“म्हणजे आपल्या गावात घर हलवतात तसंच की, बाबा!” नोएलिया म्हणाली. “ओंडक्यांवर घर ठेवायचं आणि बैल जुंपून न्यायचं.”

“मग! आपल्या गावचं घर कधी वाटेत राहिलंय का, वेडाबाई?”

“तर मग द्या बैलांना हाळी!”

मी तिच्या पोटापाशी वाकून “हैक, हैक!” ओरडलो. अख्खा वॉर्ड हसला.

पुढच्या तपासणीचा रिपोर्ट शुक्रवारी येईल. तुझा गुडघा कसा आहे? लाकडं आत घेतलीस ना?

तुझ्या मावशीच्या घराचं मी नोएलियाला सांगितलं नाही. ती जन्मायच्या आधीची गोष्ट. दोर तुटला, भरती आली आणि घर चिखलात रुतलं. तेव्हा निदान सगळं गाव ओढायला होतं. इथे मला दोराला हातसुद्धा लावता येत नाही, एल्सिरा. मला फार भीती वाटते.

तुझाच,
एव्हारिस्तो