नकार आला, हो!

आदरणीय थोरल्या काकांना रेत्नोचा पेकालोंगानहून सलाम. काकूंचा गुडघा कसा आहे? तुमची दाढ काढली, की अजून तिचे लाडच चाललेत?

इकडे आमच्या बाटिक सोसायटीवर मोठंच संकट आलं होतं. ईदच्या ऑर्डरींचे दिवस, आणि आमचं एकही ई-मेल गिऱ्हाइकापर्यंत पोचेना. शोधलं तर दुखणं घरातलंच. आमचा मेल सर्व्हर (तो आहे तसाच माझ्या गळ्यात पडला, हे ध्यानात असू द्या) कोणालाच नाही म्हणत नव्हता. कुठल्याही भामट्याने यावं, टकलावरच्या औषधाची हजारो पत्रं टाकावीत, आणि आम्ही ती इमानेइतबारे जगभर वाटावीत! साहजिकच सगळ्यांनी आम्हालाच भामटे ठरवून दारं लावून घेतली.

मी कंबर कसली. नियम साधा: आमच्या नावाचं पत्र कोणाकडूनही घ्यायचं, पण आमच्यामार्फत बाहेर काही धाडायचं असेल, तर आधी पासवर्ड दाखवायचा. पण सर्व्हर नियम वरून खाली वाचतो, जो आधी लागू पडेल तोच पाळतो, आणि "बाकी सगळ्यांना नकार" ही शेवटची ओळ मी उत्साहाच्या भरात सगळ्यात वर लिहिली. भामटे थांबले. गिऱ्हाइकंही थांबली. चेअरमन सुगेंगसाहेब येऊन म्हणाले, "रेत्नो, चोर अडवलेस, छान केलंस. पण मीही त्यांच्यातलाच का गं?"

ओळ खाली नेली. तर साहेबांना पासवर्ड नको! "माझ्यापुरती एक फट ठेव की." मी म्हटलं, "साहेब, ते फटीतूनच आत आले होते." साहेब तोंड फुगवून गेले, पण पासवर्ड घेऊन गेले.

मग बाहेरून खात्री करायला दारमीमावशींच्या चहाच्या टपरीवर बसले, पासवर्ड न देता खोट्या नावाने परक्याला पत्र धाडलं, आणि सर्व्हरने ठणकावून परत केलं. मी ओरडलेच, "नकार आला!" मावशींच्या डोळ्यांत पाणी. "जाऊ दे पोरी, दुसरं स्थळ बघू," म्हणत त्यांनी तळलेल्या टेंपेची बशी पुढे केली. (खाल्ली. कोण समजावत बसणार?) आता आमची पत्रं हळूहळू पोचू लागली आहेत.

तुमची हट्टी पुतणी,
रेत्नो

ता. क. तुमच्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या मंडळाचं बातमीपत्र हल्ली जात नाही, ते व्हायरसमुळे नाही. इतकी वर्षं ते आमच्याच सर्व्हरवरून फुकट जात होतं, हे मला आत्ता कळलं. पासवर्ड मिळणार नाही. बाबांकडे तक्रार करू नका, एवढीच विनंती.

पुन्हा ता. क. सुगेंगसाहेबांचा बुलबुल तुमच्या स्पर्धेत उतरतोय म्हणे, आणि बातमीपत्राअभावी त्यांना तारीखच ठाऊक नाही. तेवढी मला फोनवर सांगाल? तुमच्या बातमीपत्रासाठी तरी फट ठेव म्हणून ते दोनदा येऊन गेले. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. आता ते माझ्याशी बोलत नाहीत, पण तारीख ऐकून घेतील.